ॲलर्जीची गोळी पोटात गेल्यावर

प्रश्न : सादर नमस्कार. मला गेली बारा वर्षे सततच्या शिंकांचा आणि अधूनमधून अंगावर गांधी उठण्याचा त्रास आहे. सुरुवातीला क्लोरफेनिरामिनची गोळी दिली जाई. ती घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळ्यांवरची झापड जात नसे. पुढे काही वर्षे सेटिरिझिन घेतले आणि आता फेक्सोफेनाडिन चालू आहे. ‘ही गोळी फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, आम्लपित्ताचे औषधही त्याच वेळी नको,’ असे डॉक्टरांनी बजावले आहे. माझ्या ७८ वर्षांच्या आईला मात्र सेटिरिझिनच दिले, पण तिची मूत्रपिंडे थकली आहेत म्हणून रोज अर्धीच गोळी. तिन्ही गोळ्या हिस्टामिनलाच, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडते त्या रसायनालाच, रोखणाऱ्या असतील तर नियम इतके वेगळे का? गोळी शरीरात नेमकी कोठे जाते, तिला कोण मोडते आणि चोवीस तासांनी ती खरोखर संपते का?

उत्तर : ‘तिला कोण मोडते’ या तुमच्या शब्दांपासूनच सुरुवात करतो. औषध पोटात गेले की शरीर त्याची मोडतोड करते आणि मोडतोड पुरी झाली की त्याचा अंमल संपतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तुम्ही घेतलेल्या तीन गोळ्यांपैकी फक्त पहिलीला ती बऱ्यापैकी लागू पडते. सेटिरिझिनचा मोठा भाग शरीर न मोडता, आहे तसाच बाहेर टाकते आणि फेक्सोफेनाडिनचा तर जेमतेम ५ टक्के भाग मोडला जातो. यातली खरी गंमत पुढेच आहे : ही दोन्ही औषधे मुळात दुसऱ्या दोन जुन्या औषधांच्या मोडतोडीतून निघालेली आहेत. यकृताने जुन्या औषधाचे जे केले, तेच पुढे नवे औषध म्हणून बाजारात आले. तुम्हाला सांगितलेले बहुतेक नियम या एका गोष्टीशी कोठे ना कोठे जोडलेले आहेत, म्हणून गोळीच्या मागोमागच जाऊ या.

सेटिरिझिनच्या नेहमीच्या गोळीत औषध असते १० मिलिग्रॅम. बाकीचे वजन दुग्धशर्करा, सेल्युलोज, स्टार्च अशा भरीच्या पदार्थांचे. जठरात पोचल्यावर वरचा पातळ लेप सुटतो, गोळी पाणी शोषून फुगते, फुटते आणि तिच्या कणांतून औषध द्रवात उतरू लागते. जठरात औषध फारसे शोषले जात नाही. जठराचे खालचे दार कधी उघडते आणि हा द्रव लहान आतड्यात कधी सोडला जातो, यावर पुढचा सारा वेळ ठरतो. पोट रिकामे असेल तर द्रव लवकर पुढे सरकतो. भरलेले असेल तर जठर आपला माल थोडा थोडा सोडते आणि औषधालाही त्या रांगेत थांबावे लागते. सेटिरिझिन जेवणाबरोबर घेतले तर रक्तातील त्याची सर्वोच्च पातळी गाठायला सुमारे १.७ तास उशीर होतो आणि ती पातळीही साधारण २३ टक्क्यांनी खाली राहते, मात्र एकूण शोषले जाणारे औषध तेवढेच असते. म्हणजे रोज नियमाने गोळी घेणाऱ्याला जेवणाआधी की नंतर याची चिंता नको. शिंकांचा भडिमार चालू झाल्यावर गोळी शोधणाऱ्याला मात्र रिकाम्या पोटाचा फायदा मिळतो. एरवी ही गोळी सुमारे तासाभरात रक्तातील कमाल पातळी गाठते. फेक्सोफेनाडिनला त्यासाठी अडीच तासांच्या आसपास लागतात.

शोषणाचे खरे काम लहान आतड्यात होते. त्याचा आतला पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो, असे पाठ्यपुस्तकांतून कित्येक वर्षे छापले गेले आणि मीही वर्गात तेच सांगत आलो. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी मोजमाप नव्याने केले, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचा पृष्ठभाग मिळून सुमारे ३२ चौरस मीटर भरला, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाच्या निम्म्याहूनही कमी. गोळीतल्या काही मिलिग्रॅमसाठी तेवढी जागाही पुरून उरते. प्रश्न आत शिरायचे कसे एवढाच असतो. आतड्याच्या पेशींची पटले स्निग्ध पदार्थांची बनलेली असतात; त्यामुळे क्लोरफेनिरामिनसारखे स्निग्धात सहज मिसळणारे औषध त्यांतून आपसूक पाझरते. फेक्सोफेनाडिनला हे जमत नाही. त्याच्या रेणूवर एकाच वेळी धन आणि ऋण असे दोन्ही विद्युतभार असतात, पाण्याची ओढ अधिक असते आणि स्निग्ध भिंत ओलांडायला ते नाखूश असते. म्हणून ते पेशींच्या पृष्ठभागावरील वाहक प्रथिनांच्या मदतीने आत घेतले जाते.

तुमच्या डॉक्टरांनी रसाची बंदी का घातली, ते येथे उलगडते. संत्रे, सफरचंद आणि ग्रेपफ्रूट यांच्या रसातील काही घटक नेमक्या याच वाहक प्रथिनांना अडवतात. औषध आतड्यात हजर असते, पण त्याला उचलून आत घेणारा हात दुसरीकडे गुंतलेला असतो. या रसांचे मोठे प्याले देऊन केलेल्या प्रयोगात रक्तात पोचलेले फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घेतल्याच्या तुलनेत ३० ते ४० टक्क्यांवर आले होते. येथे एक उलटसुलट प्रकार ध्यानात घेण्याजोगा आहे. ग्रेपफ्रूटचा रस अनेक औषधांची रक्तातली पातळी धोकादायक इतकी वाढवतो, कारण आतड्यातील औषधे मोडणारे एक विकर तो निकामी करतो. फेक्सोफेनाडिनला त्या विकराशी देणेघेणे नाही, त्यामुळे त्याची पातळी वाढण्याऐवजी घटते. आम्लपित्तावरच्या औषधाची कथा निराळी आहे. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असलेले आम्लविरोधक औषध गोळीच्या आगेमागे पंधरा मिनिटांत घेतले तर फेक्सोफेनाडिन आतड्यातच त्याला चिकटून राहते आणि शोषण सुमारे ४१ टक्क्यांनी घटते. दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवले की प्रश्न सुटतो. ओमेप्राझोलसारख्या, आम्ल तयार होणेच कमी करणाऱ्या औषधांना ही बंदी लागू नाही. तुमचे औषध नेमके कोणत्या प्रकारचे आहे ते पाहून घ्या.

आतड्यातून रक्तात उतरलेले औषध लगेच सर्व शरीरभर पसरत नाही. आतड्यांतील रक्त गोळा करणारी एक जाड शीर ते आधी यकृताकडे नेते. या वाटेवरचा हा जकातनाकाच म्हणायचा : काही औषधे येथून जवळपास पूर्ण सुटतात, काहींना जबर वसुली द्यावी लागते. डायफेनहायड्रामिन या जुन्या औषधाचा साधारण अर्धा भाग पहिल्याच फेरीत येथे कापला जातो. क्लोरफेनिरामिनचाही तोंडाने घेतलेल्या मात्रेपैकी निम्मा किंवा त्याहून कमीच भाग शाबूत पुढे जातो. वसुली करणारी विकरे सायटोक्रोम पी४५० या मोठ्या कुटुंबातली. क्लोरफेनिरामिनसाठी मुख्यतः सीवायपी२डी६ नावाचे विकर हे काम करते. या औषधाच्या रेणूच्या एका टोकाला नायट्रोजनच्या अणूवर दोन मिथाइल गट असतात. विकर आधी एक गट छाटते, मग दुसरा. छाटणीगणिक रेणूचा स्निग्धपणा कमी होतो आणि तो पाण्यात अधिक रमू लागतो. यकृताचा सारा खटाटोप यासाठीच असतो, कारण स्निग्ध रेणू मूत्रपिंडाने गाळला तरी नलिकांतून पुन्हा रक्तात झिरपतो, पाण्यात रमणारा रेणू मात्र लघवीबरोबर निघून जातो. सीवायपी२डी६ विकराची कार्यक्षमता जनुकांनुसार माणसामाणसांत कमालीची बदलते. त्याच गोळीने एकाला तासभर पेंग येते आणि दुसरा दिवसभर सुस्तावतो, याचे एक कारण हे आहे.

आता सुरुवातीला म्हटलेली गंमत. हायड्रॉक्सिझिन हे १९५०च्या दशकातले औषध खाज थांबवी, पण माणसाला झोपवीही. त्याच्या रेणूच्या शेपटाला अल्कोहोलचा गट असतो. मद्यातील अल्कोहोल हाताळणारा विकरांचा जो गट आहे, तोच या शेपटाचे ऑक्सिडीकरण करतो आणि अल्कोहोलच्या जागी आम्लाचा गट येतो. बाकी रेणू जागच्या जागी. हे जे तयार होते तेच सेटिरिझिन. रसायनशास्त्राच्या भाषेत बदल एवढासा, पण आम्लगटामुळे रेणूवर ऋणभार आला, पाण्याची ओढ वाढली, मेंदूत शिरणे अवघड झाले आणि यकृताला पुढे मोडण्यासारखे फारसे काही उरले नाही. हिस्टामिनच्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरील ज्या प्रथिनावर बसून हिस्टामिन आपले काम करते त्याला, चिकटण्याची ताकद मात्र टिकून राहिली. यकृताने आपल्या परीने केरकचरा बाहेर काढायची तयारी केली होती. औषधनिर्मात्यांना त्या कचऱ्यात मूळ औषधाहून उजवे औषध मिळाले.

फेक्सोफेनाडिनच्या जन्माची कथा इतकी सुखाची नाही. टर्फेनाडिन हे झोप न आणणारे औषध अमेरिकेत १९८५ साली बाजारात आले आणि हातोहात खपू लागले. यकृतातील आणि आतड्यातील सीवायपी३ए४ हे विकर ते पहिल्याच फेरीत इतके झपाट्याने मोडत असे, की निरोगी माणसाच्या रक्तात मूळ टर्फेनाडिन जवळपास सापडतच नसे. सापडे ते त्याच्या शेपटाचे ऑक्सिडीकरण होऊन झालेले फेक्सोफेनाडिन आणि ॲलर्जी थांबवण्याचे काम प्रत्यक्षात तेच करत होते. म्हणजे लोक एक औषध गिळत होते आणि त्यांना गुण दुसऱ्याचा येत होता. बुरशीवरील केटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक बरोबर घेतले की घात होई. ही औषधे सीवायपी३ए४ विकराला अडवतात. मग न मोडलेले टर्फेनाडिन रक्तात साठे, हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमचे मार्ग बंद करी आणि हृदयाचे ठोके जीवघेणे अनियमित होत. १९९० साली अशा एका रुग्णाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, त्यानंतर शोध लागत गेला. फेक्सोफेनाडिनमध्ये हा दोष नव्हता. १९९६ साली त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि १९९८मध्ये टर्फेनाडिन तेथील बाजारातून निघाले. यकृतात मोडले जाणे म्हणजे सुरक्षितपणा, असे म्हणणाऱ्याला मी हे उदाहरण नेहमी देतो. मोडणारा यकृतातला कामगार दुसऱ्या कामात अडकला की त्याच्यावर विसंबलेले औषध विषासारखे वागू शकते.

जकातनाका ओलांडून औषध रक्ताभिसरणात आले की त्याचा बराच भाग रक्तातील प्रथिनांना चिकटून प्रवास करतो. सेटिरिझिनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ९३ टक्के आहे. ग्राहीवर बसायला उरलेला मोकळा भागच कामी येतो, आणि तो खर्च होईल तसा चिकटलेला भाग सुटत राहतो. नाक, डोळे, त्वचा या ठिकाणच्या हिस्टामिनच्या एच१ ग्राहींवर बसून औषध त्यांना निष्क्रिय अवस्थेत धरून ठेवते. हिस्टामिन तयार होणे त्याने थांबत नाही, हिस्टामिनने आधीच ग्राहीवर बसून सुरू केलेली सूजही ते पुसून टाकत नाही. म्हणून त्रास सुरू होण्याआधी घेतलेली गोळी अधिक गुणकारी ठरते.

हेच एच१ ग्राही मेंदूतही असतात आणि तेथे हिस्टामिनचे काम आपल्याला जागे ठेवण्याचे असते. तुमची झापड तेथून येत होती. मेंदूच्या केशवाहिन्यांची भिंत घट्ट शिवलेली असते. तरीही स्निग्ध क्लोरफेनिरामिन तिच्यातून झिरपते. सेटिरिझिन आणि फेक्सोफेनाडिन यांना एक तर शिरता येत नाही आणि जे शिरते त्याला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप पुन्हा रक्तात ढकलतो. मेंदूचे चित्रण करून कोणते औषध किती ग्राही व्यापते हे जपानमधील संशोधकांनी मोजले आहे. जुन्या औषधांच्या नेहमीच्या मात्रेने निम्मे किंवा त्याहून अधिक ग्राही व्यापले जातात, १० मिलिग्रॅम सेटिरिझिनने सुमारे १२.६ टक्के, तर फेक्सोफेनाडिनने जवळपास शून्य. सेटिरिझिनने ‘मला तरी झोप येते’ असे काहीजण सांगतात. ते खोटे बोलत नाहीत, हे या आकड्यावरून दिसतेच.

उरला प्रश्न निचऱ्याचा, आणि येथे तुमच्या आईची अर्धी गोळी येते. सेटिरिझिन मुख्यतः लघवीवाटे जाते; दिलेल्या औषधापैकी सुमारे ७० टक्के लघवीत आढळते आणि त्यातील बहुतांश अखंड सेटिरिझिनच असते. निरोगी प्रौढाच्या शरीरात त्याचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील पातळी निम्मी होण्यास लागणारा काळ, साधारण ८ तास असते. सोयीसाठी सगळे १० मिलिग्रॅम एकदम रक्तात उतरले असे धरा : ८ तासांनी ५ मिलिग्रॅम, १६ तासांनी २.५ आणि २४ तासांनी १.२५ मिलिग्रॅम उरते. म्हणजे चोवीस तासांनी गोळी संपत नाही, आठवा हिस्सा शिल्लक असतो. त्यावर दुसऱ्या दिवशीची गोळी पडते, तिसऱ्या दिवशी आणखी एक. पण जितके साठते तितकाच निचराही वाढतो आणि गोळी घेतल्यानंतरचा साठा ११.४ मिलिग्रॅमच्या आसपास येऊन थांबतो, वर्षभर घेतली तरी त्यापुढे जात नाही.

मूत्रपिंडांचे काम मध्यम प्रमाणात मंदावले असेल तर सेटिरिझिनचे अर्धायुष्य सुमारे तिप्पट, म्हणजे २४ तासांच्या घरात जाते. अशा व्यक्तीने रोज १० मिलिग्रॅम घेतले तर आदल्या दिवसाचे निम्मे औषध उरलेले असतानाच नवी गोळी येते आणि साठा २० मिलिग्रॅमपर्यंत चढतो. मात्रा ५ मिलिग्रॅम केली की तोच साठा १० वर थांबतो. तुमच्या पूर्ण गोळीने तुमच्या शरीरात जेवढे औषध राहत असे, साधारण तेवढेच आईच्या शरीरात अर्ध्या गोळीने राहते. डॉक्टरांनी तिचे औषध कमी केलेले नाही, तिच्या मूत्रपिंडांच्या गतीशी जुळवून घेतले आहे. यकृताने जबाबदारी टाळल्याची ही किंमत : मोडावे न लागणारे हे औषध निचऱ्यासाठी मुख्यतः मूत्रपिंडावर विसंबते.

फेक्सोफेनाडिनची वाट वेगळी. त्याच्या मात्रेपैकी सुमारे ८० टक्के मलावाटे आणि ११ टक्के लघवीवाटे बाहेर पडते. मलात आढळणाऱ्या भागात आतड्याने न घेतलेले औषध येते, तसेच यकृताने न मोडता पित्तरसात सोडून आतड्याला परत केलेले औषधही येते. अंगावर गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठले’ म्हणतो. त्या गांधींचा पित्तरसाशी काही संबंध नसतो, त्या त्वचेतील मास्ट पेशींनी सोडलेल्या हिस्टामिनच्या असतात. पण त्या शमवणाऱ्या औषधाचा एक वाटा खरोखरच पित्तातून निघून जातो, हा योगायोग मला फार आवडतो. मात्र लघवीचा वाटा लहान दिसतो म्हणून हे औषध थकलेल्या मूत्रपिंडांना बिनधोक, असे समजू नका. अशा रुग्णांत त्याचीही पातळी वाढते आणि मात्रा डॉक्टरांनाच ठरवावी लागते.

तुमच्या दुपारपर्यंतच्या झापडीचा हिशेबही अर्धायुष्यातच आहे. क्लोरफेनिरामिनचे अर्धायुष्य प्रौढांत बहुधा २० तासांच्या वर असते, तरी ते दिवसातून तीन-चार वेळा घेण्याची जुनी रीत पडून गेली. दर ८ तासांनी गोळी आणि अर्धायुष्य २० तास धरले तर काही दिवसांत साठा एका गोळीच्या चौपटीला पोचतो. ही रीत औषधांचे रक्तातील प्रमाण नेमके मोजण्याची साधने येण्याआधीची आहे आणि मला ती निव्वळ सवयीने टिकलेली वाटते.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला सेटिरिझिनचे पातळ औषध दिवसातून दोनदा दिले, मला मात्र एकच गोळी पुरते. लहान शरीराला कमी वेळा औषध लागायला हवे ना?

उत्तर : मात्रा कमी लागते, पण वेळा कमी लागत नाहीत. लहान मुलांची मूत्रपिंडे वजनाच्या मानाने औषधाचा निचरा मोठ्यांपेक्षा जलद करतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांत सेटिरिझिनचे अर्धायुष्य सुमारे ६ तास असते, दोन ते सहा वर्षांच्या मुलांत ५ तास. तुमच्यात २४ तासांनी आठवा हिस्सा उरतो. तुमच्या मुलात तेवढे उरायला १५ तासच लागतात. दिवसाची मात्रा दोन भागांत विभागली की पातळी फार खाली जात नाही. मात्रा वयावरून ठरवलेली असते, म्हणून मोठ्यांची गोळी अंदाजाने तोडून मुलाला देऊ नका. पातळ औषध मोजायला घरातला चमचा न वापरता बाटलीबरोबरचे माप वापरा; दोन-चार मिलिलिटरच्या मात्रेत चमच्याची चूक मोठी ठरते.

प्रश्न : एका गोळीने खाज थांबली नाही तर दोन घेतल्याने परिणाम दुप्पट होतो का?

उत्तर : नाही. मात्रा दुप्पट केली तर रक्तातील पातळी दुप्पट होते, परंतु ती पुन्हा एका गोळीच्या पातळीवर यायला एकच अर्धायुष्य पुरते. म्हणजे सेटिरिझिनच्या दोन गोळ्यांनी अंमल दुप्पट न लांबता सुमारे ८ तासांनी लांबतो. त्वचेतील बहुतेक ग्राही एका गोळीने आधीच व्यापलेले असतील तर तेथे मिळवण्यासारखे थोडेच उरते, मेंदूतल्या ग्राहींचे तसे नाही : १० मिलिग्रॅमला १२.६ टक्के व्यापणारे सेटिरिझिन २० मिलिग्रॅमला सुमारे २५ टक्के व्यापते. खाजेत थोडाच उतार आणि झोपेत स्पष्ट वाढ, असा हा व्यवहार होऊ शकतो. महिनोन्‌महिने उठणाऱ्या गांधींच्या विकारात नव्या पिढीच्या औषधांची मात्रा टप्प्याटप्प्याने चौपटीपर्यंत नेण्याची मुभा उपचारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या रुग्णासाठी आहे, मध्यरात्री खाजेने वैतागून औषधांच्या डब्यात हात घालणाऱ्यासाठी नाही.

प्रश्न : त्वचेवरील ॲलर्जीच्या चाचणीआधी गोळी आठवडाभर बंद ठेवायला सांगितली. अर्धायुष्य ८ तास असेल तर दोन दिवस पुरेसे का नाहीत?

उत्तर : रक्तापुरते तुमचे गणित बरोबर आहे. पाच अर्धायुष्यांनी, म्हणजे ४० तासांनी रक्तात जेमतेम ३ टक्के औषध उरते. चाचणी मात्र त्वचेत होते आणि त्वचेतील ग्राहींवर बसलेले औषध रक्ताच्या मागोमाग त्याच गतीने निघत नाही. रक्तातील पातळी घसरल्यानंतरही हिस्टामिनची गांधी दबलेली राहते. काही औषधांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. लोराटाडिन या ॲलर्जीवरच्याच औषधाचे उदाहरण पाहा : त्याचे स्वतःचे अर्धायुष्य ८ तासांच्या आसपास आहे, पण यकृत त्याच्या रेणूवरचा एक गट काढून त्याचे डेसलोराटाडिन करते, ते मूळ औषधापेक्षा अधिक प्रभावी असते आणि त्याचे अर्धायुष्य आहे सुमारे २७ तास. डेसलोराटाडिन मंदगतीने मोडणारी माणसेही असतात, त्यांच्यात ते याहून बराच काळ टिकते. समोरचा रुग्ण कोणत्या प्रकारचा आहे हे चाचणी करणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून सर्वांना पुरेल एवढी मुदत ठेवली जाते. गोळी न थांबवता चाचणी केली तर ॲलर्जी असूनही गांधी उठणार नाही आणि अहवाल ‘ॲलर्जी नाही’ असा येईल.

प्रश्न : सेटिरिझिन चार वर्षे रोज घेत आहे. यकृतावर ताण येत असेल म्हणून ते एकदम बंद केले, तर तिसऱ्या दिवशी सर्वांगाला असह्य खाज सुटली. औषध अंगात साचले होते का?

उत्तर : साचले नव्हते, वर दिलेल्या हिशेबाने तिसऱ्या दिवशी ते शरीरातून जवळपास निघून गेलेले असते. यकृताची भीतीही या औषधापुरती अस्थानी आहे, कारण ते यकृताच्या हाती फारसे लागतच नाही. खाज मात्र खरी आहे. महिनोन्‌महिने रोज सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन (सेटिरिझिनचेच एक रूप) घेणाऱ्या काही जणांना ते थांबवल्यावर काही दिवसांत तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५मध्ये दिला आहे. हा प्रकार विरळा आहे, आणि पूर्वी कधी खाजेचा त्रास नसलेल्यांनाही तो झालेला दिसतो. गोळी पुन्हा सुरू केली की बहुतेकांची खाज थांबते. नंतर मात्रा हळूहळू कमी करत नेल्याने काहींना ती सोडता आली आहे. तुम्ही चार वर्षे घेत आहात, तेव्हा हे वेळापत्रक स्वतः न आखता तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मूळ त्रास अजून शिल्लक आहे की नाही, हेही त्याच भेटीत तपासून घ्या.